सोनेरी शिक्का आणि रिकामा डबा

वायरिंगच्या धंद्यात मला १४ वर्षं झाली. घरं केली, मोटारी केल्या, पॅनेल बांधले. इलेक्ट्रिक गाड्यांच्या चार्जरबद्दल लोक विचारायला लागले तेव्हा वाटलं, आपणही रीतसर शिकून घ्यावं. हा विचार बरोबरच होता. शिकायला गेलो कुठे, तिथे घोटाळा झाला.

मोबाईलवर जाहिरात आली. मोफत वेबिनार, त्यात शेवटी 'पहिल्या २० जणांनाच सवलत' आणि कोपऱ्यात उलटं पळणारं घड्याळ. पुढच्याच दिवशी फोन, "सर, तुमची सीट होल्ड केलीय." फी माझ्या दोन महिन्यांच्या कमाईएवढी. बायकोनं एकच विचारलं, "पण सर्टिफिकेट देणार कोण?" मी म्हणालो, "अगं, आयएसओ आहे त्यांना."

हे वाक्य आठवलं की अजूनही लाज वाटते. आयएसओ स्वतः कुणालाच सर्टिफिकेट देत नाही, ती फक्त मानकं ठरवते. त्या संस्थेच्या भिंतीवर होतं ते ९००१, म्हणजे कामकाजाच्या पद्धतीचं. शिकणाऱ्याला काय येतं याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. माणसांचं कौशल्य तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांसाठी मानक वेगळं आहे, आयएसओ/आयईसी १७०२४. त्याची मान्यता आहे का, ही मान्यता कुणी दिली आणि त्या मान्यता देणाऱ्याच्या यादीत यांचं नाव सापडतं का, एवढं मी विचारायला हवं होतं.

वर्ग दोन दिवसांचा. पहिला दिवस स्लाइडमध्ये गेला: बाजार किती वाढणार, तुम्ही किती कमावणार. दुसऱ्या दिवशी 'प्रॅक्टिकल'. टेबलावर भिंतीचा चार्जर ठेवलेला, दिवा छान हिरवा. मी सवयीनं केबल हातात घेतली तर फारच हलकी लागली. जेवणाच्या सुट्टीत कव्हरचे दोन स्क्रू काढले. आत ना कॉन्टॅक्टर, ना बोर्ड, ना टर्मिनल. मोबाईलच्या चार्जरवर एक एलईडी लावलेला, बास. सरांना सांगितलं तर ते हसले, "अहो, सेफ्टीसाठी डमी ठेवतो आम्ही." मीही मान डोलावली. पैसे भरलेला माणूस स्वतःचीच समजूत फार लवकर काढतो.

प्लगमधल्या सीपी पिनबद्दल विचारलं तर उत्तर मिळालं, "सीपी म्हणजे चार्जिंग पॉइंट." सीपी म्हणजे कंट्रोल पायलट, गाडी आणि चार्जर यांच्यात बोलणं चालतं ती तार. गाडी जोडलेली नसताना तिच्यावर १२ व्होल्ट, जोडली की ९, गाडी चार्जिंग घ्यायला तयार झाली की ६. किती अँपिअर ओढायचे हेही त्याच तारेवरच्या १ किलोहर्ट्झच्या सिग्नलवरून गाडीला कळतं. चार्जिंग का सुरू होत नाही, हे शोधायची सुरुवात इथूनच होते. हे मला नंतर, दुसरीकडे कळलं.

परीक्षा ३० प्रश्नांची. उत्तर चुकलं की पुन्हा निवडायचं, बरोबर येईस्तोवर. मग सोनेरी शिक्क्याचं, क्यूआर कोडवालं सर्टिफिकेट. घरी फ्रेम केलं.

पहिलं काम मिळालं ते एका ओळखीच्या घराचं. ३२ अँपिअरचा सिंगल फेज चार्जर, साधारण ७.४ किलोवॅट. मी गीझरच्या हिशोबानं विचार केला. पण गीझर अर्ध्या तासात बंद होतो, गाडी रात्रभर पूर्ण करंट ओढते. केबल बंद पाइपातून नेली होती, टर्मिनल हाताच्या अंदाजानं आवळले होते. आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच, टाकली ती टाइप एसी, हाताशी होती म्हणून. गाडी लागली, दिवा लागला, मालक खूश.

तपासणीला आलेल्या साहेबांनी चार्जर उघडायच्या आधी आरसीसीबीवरची खूण पाहिली आणि थांबले. "गाडीतून डीसी गळती झाली तर ही काय करेल?" मला उत्तर येईना. त्यांनी शांतपणे सांगितलं की गुळगुळीत डीसी गळती या जातीच्या आरसीसीबीला दिसतच नाही. उलट तिचा गाभा त्यानं भरून जातो आणि खरा एसी फॉल्ट आला तरी ती पडेलच, म्हणजे वीज तोडेलच, याचा भरवसा नाही. म्हणून एकतर टाइप बी लावायची, नाहीतर ३० मिलिअँपिअरची टाइप ए आणि सोबत ६ मिलिअँपिअर डीसी ओळखून तोडणारी सोय. ती चार्जरच्या आत आहे का, हे त्याच्या कागदात बघायचं. मी तो कागद उघडलाच नव्हता. मग त्यांनी न्यूट्रलच्या टर्मिनलकडे बोट दाखवलं. चार रात्रींत इन्सुलेशन तपकिरी पडलं होतं, हात लावला तर कडक झालेलं.

मी फ्रेममधून काढून आणलेलं सर्टिफिकेट पुढे केलं. साहेबांनी कोड स्कॅन केला. पान त्याच संस्थेचं, 'व्हेरिफाइड'. त्यांनी नंबरातला शेवटचा आकडा बदलून टाकला. परत 'व्हेरिफाइड'. मग नऊ वेळा शून्य टाकलं. तेही व्हेरिफाइड. ते काहीच बोलले नाहीत, फोन खिशात ठेवला.

पैसे परत मागितले तर अटींतली ओळ दाखवली: व्हिडिओ उघडले की परतावा नाही. पावतीवरचं नाव आणि सर्टिफिकेटवरचं नाव वेगळं आहे, हेही तेव्हाच पाहिलं. तक्रार दिली आहे, जाहिरातीचे आणि मेसेजचे स्क्रीनशॉट जोडून. दरम्यान त्यांचाच मेसेज आला, 'लेव्हल २'साठी.

आता एका जुन्या मिस्त्रींकडे शिकतोय. त्यांच्याकडे गाडीची नक्कल करणारा टेस्ट अडॅप्टर आहे. पहिला आठवडा त्यांनी मला चार्जरला हात लावू दिला नाही. लूप इम्पिडन्स, म्हणजे फॉल्टच्या करंटच्या वाटेतला अडथळा, मोज, आरसीसीबी किती मिलिसेकंदात पडते ते लिही, स्क्रू ठरलेल्या जोरानं आवळणाऱ्या टॉर्क ड्रायव्हरनंच आवळ.

ते पहिलं काम स्वखर्चानं पुन्हा केलं. केबल बदलली, चार्जरच्या आत डीसी ओळखून तोडणारी सोय आहे हे कागदात बघून टाइप ए बसवली, सगळी मोजमापं कागदावर लिहून दिली. मालकांनी करू दिलं, पण काम संपेस्तोवर शेजारी खुर्ची टाकून बसले होते.