स्वीडिश आइस हॉकीचा अख्खा मोसम, बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या घरातून

मुलगा शिकायला स्वीडनमधल्या लुलेओला गेला तेव्हा तिथल्या लीगचा ऑनलाइन पास त्यानेच मला काढून दिला. म्हणाला, "आई, तू खो-खो खेळलेली आहेस, तुला हे आवडेल." २०२४-२५चा मोसम मी सप्टेंबरपासून शेवटपर्यंत पाहिला, मगच हे लिहायला बसले.

या सेवेत दोन पास मिळतात, पूर्ण मोसमाचा आणि फक्त प्लेऑफचा, म्हणजे शेवटच्या बाद फेऱ्यांचा. दुसरा स्वस्त आहे, पण तो घेऊ नका. स्वीडिश हॉकी लीगमध्ये चौदा संघ, प्रत्येकाची प्रत्येकाशी चारदा गाठ, म्हणजे एकेका संघाचे ५२ सामने. साठ मिनिटांत जिंकलं तर तीन गुण. बरोबरी झाली तर जादा वेळात दोन्हीकडून तीन-तीनच खेळाडू उतरतात, तेव्हा जिंकणाऱ्याला दोन आणि हरणाऱ्यालाही एक. हा एक-एक गुण मार्चमध्ये किती जड होतो, ते ऑक्टोबरपासून पाहिल्याशिवाय कळत नाही. पहिले सहा थेट उपांत्यपूर्व फेरीत जातात, सातवा ते दहावा आधी आपसांत लढतात.

मुलगा म्हणाला ते खरं निघालं. मैदानात गोली म्हणजे गोलरक्षक सोडून पाच जण असतात आणि ते पाऊण मिनिटभर जीव तोडून खेळतात की बाहेर. खेळ थांबत नाही. एक जण कठड्यावरून बाहेर येतो तोवर दुसरा बर्फावर उतरलेला असतो. आमची तिघींची तुकडी बाद झाली की पुढच्या तिघी आत शिरायच्या, त्या क्षणी चुकलं की गडी गेलाच. इथेही बदली करताना अर्धा सेकंद उशीर झाला की समोरचा मोकळा सुटतो. गोल झाला की बाकीचे गोल करणाऱ्याकडे बघत असतील. मी मागे जाऊन ती बदली पुन्हा पाहते, आणि या सेवेत दहा सेकंद मागे जायची सोय चांगली आहे. प्रत्येक संघात सर्वाधिक गुण असलेला खेळाडू सोनेरी हेल्मेट घालतो, त्यामुळे नवख्या माणसालाही कोणावर नजर ठेवायची ते कळतं.

आता तक्रारी. समालोचन फक्त स्वीडिशमध्ये. मला त्याचा त्रास झाला नाही, पण यजमानांनी महिनाभरात नाद सोडला. झालेला सामना उघडायला गेलं की चित्रावरच निकाल लिहिलेला! रात्री जागता येत नाही म्हणून सकाळी चहाबरोबर पाहणाऱ्याचा सगळा सामनाच हिरावून घेतल्यासारखं होतं. तीनदा कळवलं, काही बदललं नाही. वेळेचाही घोळ आहे. संध्याकाळी सातचा सामना आपल्याकडे रात्री साडेदहाला लागतो. नवरात्रात गरब्याला थोडा वेळ जाऊनही मला तो गाठता यायचा. पण ऑक्टोबरच्या शेवटी युरोपातली घड्याळं मागे जातात, आणि दिवाळीच्या आठवड्यात मी तासभर काळ्या पडद्यासमोर बसले, कारण वेळापत्रकात जुनीच वेळ होती. साडेअकराचे सामने मग थेट गुढीपाडव्यापर्यंत. २०२५ मध्ये घड्याळं पुढे गेली तो दिवस नेमका गुढीपाडवा होता, ३० मार्च. शनिवारी दुपारचे सामने असतात, ते आपल्याकडे जेवणाच्या सुमारास येतात. कामावर जाणाऱ्यांनी तेच धरावेत.

लेक्सांद या संघाचे घरचे सामने चुकवू नका. गाव जेमतेम सहा हजार वस्तीचं आणि स्टेडियमात जागा सात हजारांहून जास्त.

ब्रूनेससाठी मी मनापासून ओरडले. येव्ले शहराचा हा जुना संघ, तेरा वेळा विजेता. २०२३ मध्ये खालच्या लीगमध्ये ढकलला गेला, २०२४ मध्ये वर आला आणि पहिल्याच मोसमात अंतिम फेरीत. समोर लुलेओ, म्हणजे माझ्या मुलाचं गाव. बडोद्यात पारा चाळिशीच्या वर, पंखा गरम वारा फेकतोय आणि समोर पांढरं बर्फ. लुलेओ ४-२ ने मालिका जिंकलं. त्याआधीचं त्यांचं विजेतेपद १९९६चं, मुलाचा तर तेव्हा जन्मही नव्हता. त्याने फोन लावला तर मागे गाड्यांचे हॉर्न इतके की त्याचं एक वाक्य मला ऐकू आलं नाही. ब्रूनेस हरले म्हणून मी रडत होते, हे त्याला नंतर सांगितलं.

तरी माझ्या लेखी मोसमातली सर्वांत तणावाची मालिका ती नव्हती. तेराव्या आणि चौदाव्या संघात सातपैकी चार सामन्यांची मालिका होते, हरणारा लीगबाहेर. त्या मोसमात एचव्ही ७१ आणि मोडो. पीटर फोर्सबर्ग आणि सेदीन जुळे भाऊ हे नावाजलेले स्वीडिश खेळाडू ज्या मोडोतून पुढे आले, तोच संघ खाली गेला. तिथे चषक नाही, पदक नाही. शेवटची मिनिटं उरली आणि गोलीला बाहेर काढून सहावा खेळाडू आत घातला, गोल उघडा टाकून, तेव्हा मी खुर्चीवर बसू शकले नाही. ही मालिका 'फक्त प्लेऑफ'वाल्या पासात दिसत नाही.

पुढच्या मोसमाचा पास मी माझ्या पैशांनी घेतला आहे. मोडोच्या जागी युरगोर्देन हा संघ आला. मोडोचे सामने पाहायला खालच्या लीगचा वेगळा पास भारतातून मिळतो का, असं सेवेला लिहून विचारलं, त्याला आता दोन आठवडे झाले. उत्तर आलं की इथेच लिहीन.