आंशिक कवळी, ब्रिज की इम्प्लांट: निर्णय घेताना शेजारच्या दातांकडे पाहा

एक-दोन दात काढावे लागले की बहुतेकांची नजर त्या मोकळ्या जागेवर खिळते आणि तिथे काय बसवायचे, हाच पहिला प्रश्न पडतो. त्याचे उत्तर पुष्कळदा त्या जागेच्या शेजाऱ्यांकडे असते. मोकळ्या जागेच्या पुढे आणि मागे दात आहेत का, असल्यास ते पक्के आहेत की हलतात, ते अखंड आहेत की आधीच मोठ्या फिलिंगने किंवा रूट कॅनलने कमकुवत झालेले आहेत, आणि समोरच्या जबड्यातला कोणता दात तिथे येऊन टेकतो, एवढे कळले तर काढता-घालता येणारी आंशिक कवळी, ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधाराने पक्का बसवलेला कृत्रिम दात) आणि इम्प्लांट (जबड्याच्या हाडात रोवलेल्या टायटॅनियमच्या स्क्रूवर बसवलेला दात) या तिन्ही पर्यायांची तुलना निम्मी सोपी होते.

त्याआधी चौथ्या पर्यायाचा, म्हणजे काहीच न बसवण्याचा, विचार प्रामाणिकपणे करायला हवा. दात गेल्यावर शेजारचे दात हळूहळू त्या बाजूला कलतात आणि समोरचा दात आधार न उरल्याने खाली किंवा वर सरकू लागतो. दात धरून ठेवणारे हाडही झिजते. पहिल्या वर्षभरात त्या जागची रुंदी सुमारे निम्म्याने कमी होऊ शकते आणि त्यातली बरीचशी झीज पहिल्या तीन महिन्यांतच होते. असे असले तरी प्रत्येक दात भरून काढलाच पाहिजे असे नाही. नेदरलँड्समधील दंतवैद्य आर्न्ड कायझर यांनी 1981 मध्ये मांडलेल्या विचारानुसार, पुढचे दात आणि उपदाढा (सुळे आणि दाढा यांच्यामधले दात) मिळून सुमारे 20 दात चांगल्या स्थितीत एकमेकांवर टेकत असतील तर अनेक प्रौढांचे चावणे व्यवस्थित चालते. फक्त शेवटची दाढ गेलेल्या माणसाने कवळीची घाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता तुलनेच्या मुळाशी असलेला मुद्दा. आरशासमोर उभे राहून बोटाने एखादी दाढ दाबून पाहा आणि नंतर त्याच जोराने तिच्या बाजूची हिरडी दाबा. दात जवळजवळ हलत नाही. हिरडी मात्र बोटाखाली दबते. मोकळ्या जागेच्या दोन्ही बाजूंना दात असतील, तर कवळीचा भार त्या दातांवर टाकता येतो. मागच्या बाजूला दातच नसेल, म्हणजे दाढांची रांग पूर्ण गेली असेल, तर कवळीचे पुढचे टोक दातावर आणि मागचे टोक दबणाऱ्या हिरडीवर, अशी तिची अवस्था होते आणि प्रत्येक घासाला ती थोडी डुलते. एडवर्ड केनेडी यांनी 1925 मध्ये दात गेलेल्या जबड्यांचे चार वर्ग पाडले. दोन्ही बाजूंच्या मागच्या दाढा नसलेला जबडा पहिल्या वर्गात, एकाच बाजूच्या नसलेला दुसऱ्या वर्गात, मागेपुढे दात शाबूत असलेली एका बाजूची मोकळी जागा तिसऱ्यात आणि मध्यरेषा ओलांडणारी पुढच्या दातांची जागा चौथ्यात. आपला जबडा कोणत्या वर्गात मोडतो, हे दंतवैद्यांना जरूर विचारावे. पहिल्या दोन वर्गांत कवळी बनवणे आणि वापरणे दोन्ही अवघड असते.

काढता-घालता येणारी आंशिक कवळी म्हणजे एकच वस्तू नव्हे, आणि निवडीतल्या बहुतेक चुका इथेच होतात. पहिला प्रकार अ‍ॅक्रिलिकचा. गुलाबी अ‍ॅक्रिलिकचा तळ, त्यात बसवलेले दात आणि शेजारच्या दातांना धरणारे वाकवलेल्या तारेचे आकडे, अशी तिची साधी रचना असते. ती लवकर तयार होते, स्वस्त पडते आणि पुढे आणखी एखादा दात गेला तर त्याच कवळीत नवा दात जोडता येतो. दात काढल्याच्याच दिवशी घालायची कवळी बहुधा याच प्रकारची असते, आणि हिरड्या भरून येऊन हाड झिजेपर्यंतच्या काळासाठी ती योग्यच आहे. तिचा दोष असा की तिला दातावर टेकणारा आधार बहुधा नसतो, त्यामुळे सगळा भार हिरडीवर जातो, ती हळूहळू खाली रुतते आणि उरलेल्या दातांच्या मुळाशी हिरडीला घासू लागते. ताकद यावी म्हणून ती जाडही ठेवावी लागते, हे जिभेला पहिल्याच दिवशी कळते.

दुसरा प्रकार लवचिक नायलॉनचा. तिचे आकडेही गुलाबी असल्याने हसताना धातू चमकत नाही आणि ती तोंडात मऊ लागते, म्हणून पाहताक्षणी तीच आवडते. तिच्याबद्दल मात्र सावध राहावे असे मला वाटते. जी लवचिकता बसवताना सुखाची वाटते, तीच चावताना अडचणीची ठरते. कवळी वाकते आणि दाब दातांवर वाटून न जाता हिरडीवर उतरतो. ती तुटल्यास दुरुस्त करणे, तिच्या आतून नवा थर देणे किंवा तिच्यात दात वाढवणे अ‍ॅक्रिलिकच्या मानाने बरेच कठीण असते. पुढचा एखादा दात गेला असेल, किंवा अ‍ॅक्रिलिकची अ‍ॅलर्जी असेल, तर तिचा विचार जरूर करावा. मागच्या अनेक दाढांसाठी करू नये.

तिसरा प्रकार कोबाल्ट-क्रोमियम मिश्रधातूच्या ओतीव सांगाड्याचा. अशी कवळी हातात घेऊन नीट पाहिली तर दातांच्या दुरुस्तीत किती विचार असतो ते दिसते. टाळूवरून जाणारी पट्टी एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असू शकते. आकड्याच्या शेजारी धातूचा एक बारीक टेकू असतो, जो दाढेच्या वरच्या पृष्ठभागावर कोरलेल्या चमच्यासारख्या उथळ खोबणीत जाऊन बसतो. साधारण ज्वारीच्या दाण्याएवढा हा टेकू चावण्याचा भार दाढेच्या मुळांकडे नेतो आणि कवळीला हिरडीत रुतू देत नाही. आकडा फक्त कवळी निसटू नये म्हणून असतो. त्यामुळे कवळी दाखवली जाईल तेव्हा तिला टेकू आहेत का आणि ते कुठे आहेत, हे विचारण्यात मुळीच संकोच करू नये. या कवळीला जास्त भेटी लागतात: माप, सांगाड्याची चाचणी, चाव्याची नोंद, मेणातल्या दातांची चाचणी आणि मग अखेरची बसवणी. पुढच्या दातांवर आकडा दिसू शकतो, आणि पुढे दात वाढवण्याची सोय रचनेतच आधी ठेवावी लागते. तरीही काही वर्षे वापरायची कवळी हवी असेल आणि उरलेले दात धड असतील, तर मी याच प्रकाराच्या बाजूने उभा राहीन.

ब्रिजशी तुलना करताना शेजाऱ्यांचा प्रश्न पुन्हा समोर येतो. नेहमीच्या ब्रिजसाठी मोकळ्या जागेच्या दोन्ही बाजूंचे दात कॅप बसेल इतके घासावे लागतात. ते आधीच खराब असून त्यांना कॅपची गरज असेलच, तर ब्रिज हा उत्तम मार्ग आहे. तो घट्ट बसतो, रात्री काढावा लागत नाही आणि त्याची सवय चटकन होते. पण दोन्ही दात अखंड असतील तर निरोगी इनॅमल कायमचे गमवावे लागते, घासलेल्या दाताची नस पुढे खराब होण्याची शक्यता राहते, आणि एका खांबाला, म्हणजे ब्रिजला आधार देणाऱ्या दाताला, कीड लागली तरी पूर्ण ब्रिज जातो. पुढचा एखादा दात गेला असेल तर शेजारच्या दाताच्या मागे पंखासारखी पट्टी चिकटवून बसवलेला ब्रिज मिळतो, ज्यात दात जवळजवळ घासावा लागत नाही. याची माहिती सहसा विचारल्याशिवाय दिली जात नाही. लांब जागेला आणि मागे खांबच नसलेल्या जागेला साधा ब्रिज चालत नाही.

इम्प्लांट शेजाऱ्यांना हात लावत नाही, ही त्याची मोठी जमेची बाजू. टायटॅनियम हाडाशी एकजीव होते हे स्वीडनमधील पेर-इंग्वार ब्रोनमार्क यांना 1952 मध्ये सशांच्या हाडावर काम करताना आढळले, आणि 1965 मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात इम्प्लांट बसवले. हाड जुळून यायला बहुधा तीन ते सहा महिने लागतात, पुरेसे हाड असावे लागते आणि सुरुवातीचा खर्च सर्वांत जास्त असतो. धूम्रपान, ताब्यात नसलेला मधुमेह, जबड्यावर झालेले रेडिएशन आणि हाडांच्या ठिसूळपणावरची काही औषधे यांमुळे धोका वाढतो. इम्प्लांटला कीड लागत नाही, पण त्याभोवतीची हिरडी आणि हाड सुजून खराब होऊ शकते, त्यामुळे स्वच्छतेतून सुटका नाही. जबड्याची वाढ पूर्ण न झालेल्या मुलामुलींना ते बसवत नाहीत, कारण शेजारचे दात वाढीबरोबर सरकतात आणि इम्प्लांट जागीच राहते.

दोन्ही बाजूंच्या मागच्या दाढा गेलेल्यांनी एक मधला मार्ग आवर्जून विचारावा. कवळीच्या मागच्या टोकाखाली दोन्हीकडे एकेक इम्प्लांट बसवले, तर जिथे नुसती दबणारी हिरडी होती तिथे पक्का आधार तयार होतो. कवळी काढता-घालता येणारीच राहते, पण तिचे डुलणे पुष्कळ कमी होते, आणि सगळ्या दाढांसाठी स्वतंत्र इम्प्लांट बसवण्यापेक्षा हे पुष्कळ आवाक्यातले असते.

कोणताही पर्याय निवडला तरी माप घेण्याआधी हिरड्यांची सफाई आणि किडलेल्या दातांवरचे उपचार झालेले असावेत. कवळी घेतलीच, तर ती दाताखाली चावून बसवू नये, बोटांनी बसवावी. चावून बसवल्याने आकडे वाकतात. ती रोज काढून मऊ ब्रशने धुवावी, धुताना बेसिनमध्ये पाणी किंवा टॉवेल ठेवावा, म्हणजे हातातून निसटली तरी फुटत नाही. गरम पाण्याने अ‍ॅक्रिलिक वाकते आणि ब्लीचने धातू गंजतो, म्हणून दोन्ही टाळावीत. रात्री ती काढून पाण्यात ठेवावी. सतत घातलेल्या कवळीखाली बुरशीची लागण होऊन हिरडी लालबुंद होते. ज्या दातांना आकडे धरतात ते अधिक काळजीने घासावेत, कारण अन्न तिथेच अडकते. एका दाताची इवलीशी, सैल कवळी तर कधीच घालून झोपू नये: ती गिळली किंवा श्वासनलिकेत गेली तर अ‍ॅक्रिलिक एक्स-रेमध्ये सहसा दिसतही नाही.

हाड झिजतच राहते, म्हणून सुरुवातीला नेमकी बसलेली कवळीही काही काळाने सैल होते. सांगाड्याच्या कवळीत हे स्वतः तपासता येते. मागे दात नसलेल्या बाजूचा तळ बोटाने दाबावा आणि त्याच वेळी पुढच्या टेकूंकडे आरशात पाहावे. टेकू आपल्या खोबणीतून उचलला जात असेल, तर त्या तळाला आतून नवा थर देण्याची वेळ झाली आहे, आणि तोवर कवळी दुखत नसली तरी तिचा आकडा ज्या दाताला धरतो तो दात रोज थोडा थोडा हलवला जात असतो.