आठशे रुपयांचा पिरान्हा

मागच्या वर्षी ठाण्यातल्या एका अ‍ॅक्वेरियमच्या दुकानातून चार ‘रेड बेली पिरान्हा’, म्हणजे लाल पोटाचे, धारदार दातांचे मांसखाऊ मासे घेतले. अडीच इंचांची पिल्लं, नग आठशे रुपये. चंदेरी अंगावर काळे ठिपके, पोट लालभडक. मोबाइलवरच्या फोटोशी ताडून पाहिलं, हुबेहूब. दुकानदाराने वर कोळंबीचा तुकडा टाकला, चौघंही तुटून पडले. पैसे मोजून मोकळा झालो.

तिथेच गंडलो. पाकू हा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला पिरान्ह्याचा चुलतभाऊ, कूळ एकच. पिल्लं असताना तांबड्या पोटाचा पाकू आणि पिरान्हा इतके सारखे दिसतात की रंगावरून ओळखायला जाऊच नये. कोळंबीचं म्हणाल, तर पाकू मिळेल ते खातो.

आठेक महिन्यांत मासे फुटाला टेकले, पोटाचा लाल रंग फिका पडला. एकदा गोल्डफिशसाठी उकडलेले मटार उरले होते, ते यांना टाकले. फस्त! पिरान्हाही अधूनमधून बिया-पाला खातो, त्यामुळे एवढ्यावरून काही ठरत नव्हतं. शेवटी एकाला जाळीत धरून तोंड उघडून पाहिलं. आत चक्क माणसासारख्या चपट्या दाढा, वरच्या जबड्यात दोन रांगा. पुराने बुडालेल्या जंगलात पाण्यात पडणारी फळं आणि टणक बिया फोडायला या दाढा. पिरान्ह्याचे दात त्रिकोणी, पात्यासारखे, आणि एकाच रांगेत. बाहेरूनही कळतं, फक्त मासा बाजूने बघायचा: पिरान्ह्याचा खालचा जबडा बुलडॉगसारखा पुढे आलेला असतो. हे घेताना पाहिलं असतं तर!

उरलीसुरली शंका दारावर येणाऱ्या मासेवाल्या मावशीने मिटवली. टाकीकडे बघून म्हणाली, “अरे बाळा, हा तर रूपचंद! माझ्या पाटीत रोज असतो.” खरंच, बाजारात रूपचंद म्हणून मिळतो तो हाच पाकू.

दुकानदाराने हात वर केले. बिल काढलं तर त्यावर नुसतं ‘फिश, ४ नग’. माशाचं नाव बिलावर लिहून घ्या, नाही लिहिलं तर दुसरं दुकान बघा.

पिरान्हा साधारण फूटभरावर थांबतो, पाकू पाऊण मीटरच्या पुढे जाऊ शकतो. माझी टाकी तीन फुटी. तलावात सोड म्हणून तिघांनी सांगितलं, पण परका मासा इथल्या पाण्यात सोडणार नाही. मोठी टाकी असलेलं कुणीतरी शोधतोय. मावशी मात्र दर शुक्रवारी विचारते, “कधी कापायचे रे?”