होल ड्रिलिंगचा रेसिड्युअल स्ट्रेस किट: लोट्याच्या पावसाळ्यासकट आठ महिने

मार्चमध्ये घेतला, आता नोव्हेंबर संपत आला, म्हणजे कोकणातला अख्खा पावसाळा काढलाय ह्या किटने, आता लिहायला हरकत नाही. आमचं लोटे एमआयडीसीत छोटं फॅब्रिकेशन शॉप आहे, प्रेशर व्हेसल, रिअ‍ॅक्टर, एक्स्चेंजर असली कामं. किट घ्यायचं कारण एक ३०४एल स्टेनलेसचं व्हेसल, किनाऱ्याजवळच्या कस्टमरकडे नॉझलच्या वेल्डशेजारी तडकलं, इन्सुलेशनखाली. खाऱ्या हवेतलं क्लोराइड, ६०च्या वर टेंपरेचर आणि वेल्डिंगने आत अडकलेला ताण (रेसिड्युअल स्ट्रेस म्हणतात तो हाच), तिघं एकत्र आले की स्टेनलेसचं काही खरं नाही. हवा नि टेंपरेचर आपल्या हातात नाही, ताण निदान मोजता तरी यावा म्हणून मालकांच्या मागे लागलो.

काम असं चालतं. तीन गेजचं रोझेट, म्हणजे मेटल किती ताणलं-आखडलं ते मोजणारी छोटी पट्टी, जॉबवर चिकटवायचं, बरोब्बर मधोमध २ मिमीचं भोक १ मिमी खोल पाडायचं, थोडं थोडं करत, आणि भोकाभोवतीचं मेटल जेवढं सैल होतं तेवढी स्ट्रेन (लांबीतला बारीक फरक) दिसते, त्यावरून सॉफ्टवेअर मूळचा ताण काढतं. एएसटीएम ई८३७ म्हणून ह्या पद्धतीचं स्टँडर्ड आहे ते हेच. ड्रिल हवेवर चालतं, दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला आवाज. आमचे जुने वेल्डर मामा पहिल्या दिवशीच म्हणाले, "आधी जीव काढून वेल्ड मारायचा नि मग त्याला भोकं पाडायची, काय ओ सायेब?"

पहिला महिना तर फसवणुकीतच गेला, किटची चूक नाही, आमचीच. एका शेलवर वेल्डच्या बीडशेजारी रीडिंग घेतलं तर चक्क कॉम्प्रेशन, म्हणजे ओढ नाही, उलट दाब; आम्ही खूश, की बघा आमच्या वेल्डिंगला एसआरची (स्ट्रेस रिलीव्हिंग, तापवून ताण उतरवणं) गरजच नाही! मग लक्षात आलं की शेल पेंटसाठी ब्लास्टिंग (ग्रिटचा मारा) करून आलेला, ब्लास्टिंगने वरचा थर दाबला गेलेला आणि आम्ही तोच मोजत बसलेलो. तेव्हापासून कितीही कंटाळा आला तरी ०.०५ मिमीचे २० टप्पे घेतो. त्यात स्वच्छ दिसतं, सुरुवातीला मायनस म्हणजे दाब, मग खाली जाता जाता आकडा प्लसमध्ये, म्हणजे ओढीत, चढत जातो. एकच सरासरी आकडा काढला असता तर हे कधी कळलंच नसतं.

दुसरी गंमत, एसए ५१६ ग्रेड ७०च्या, म्हणजे व्हेसलच्या साध्या कार्बन स्टीलच्या प्लेटवर ताण २९० एमपीए आला. तिची यील्ड, म्हणजे मेटल कायमचं वाकायला लागतं तो ताण, कागदावर २६०. प्लेटची खरी यील्ड कागदापेक्षा थोडी जास्त असतेच, पण ताण यील्डच्या ८० टक्क्यांच्या वर गेला की भोकाच्या कडेला मेटल स्वतःच यील्ड होतं आणि आकडा फुगतो. म्हणून आता २०८च्या वर काही आलं की रिपोर्टमध्ये "यील्डच्या जवळपास" एवढंच लिहितो. डिझाइनवाल्या पोरांना नेमका आकडा हवा असतो, तो ह्या किटकडे मागू नका. एसआरच्या आधी नि नंतर तुलना करायला मात्र एक नंबर. कॉस्टिकच्या एका व्हेसलचा ५९५ डिग्रीला एसआर केला, २५ मिमीला एक तास ह्या हिशोबाने, आधी दोनशेच्या वर होता तो पन्नासच्या खाली आला.

पण भोक ते भोकच. इन्स्पेक्टर कस्टमरच्या जॉबवर हात लावू देत नाही, मग टेस्ट प्लेटवर, म्हणजे तसाच वेल्ड मारलेल्या वेगळ्या तुकड्यावर मोजा. आणि टेस्ट प्लेट सगळ्या बाजूंनी मोकळी, व्हेसलसारखी जखडलेली नाही, कापली की अजून सैल होते, त्यामुळे तिथला ताण म्हणजे व्हेसलचा ताण हे धरून चालू नका.

आता पाऊस. जुलैत प्लेट पेपरने घासून, गॉजने पुसून, गॉज पांढराशुभ्र निघेपर्यंत पुसून, गेज काढायला डबी उघडतो तोवर घासलेल्या जागेवर तांबूस झाक आलेली. सायनोॲक्रिलेट गोंदाला थोडा दमटपणा लागतो पण इतका नाही, अंगठा मिनिटभर दाबून धरायचा आणि टेप काढताना रोझेटच टेपबरोबर वर. एकदा चिकटलं तर झिरो सरकत राहायचा. रोझेट एकदाच वापरायचं असल्यामुळे प्रत्येक वेळी पैसे पाण्यात. शेवटी एसीची केबिन केली, प्लेट आदल्या रात्री आत आणून ठेवायची, तेव्हा कुठे जमलं. कॉम्प्रेसरही त्या दिवसांत नुसतं पाणी ओकतो, ड्रायर न लावता चालवलं आणि ऑगस्टमध्ये ड्रिलच्या टर्बाइनची बेअरिंग गेली. डीलरने सहा आठवडे घेतले, फोन उचलला तर "गणपतीनंतर बघू". तुम्ही घेणार असाल तर ड्रायर आधी घ्या, किट नंतर.

राहिलं ते नॉझल. रोझेटला सपाट जागा लागते, आणि ताण खरा वाढलेला असतो वेल्डच्या 'टो'ला, म्हणजे वेल्ड प्लेटला मिळतो त्या कडेला, तिथे ते बसतच नाही, पाच-सात मिमी लांबच लावावं लागतं. एक्स-रेनेही ताण मोजतात, तो वेल्डच्या अजून जवळ जातो पण वरचे काही मायक्रॉनच बघतो, खालचं पाहायचं तर इलेक्ट्रोपॉलिश करत, म्हणजे विजेने थर विरघळवत, उतरावं लागतं. तरी ज्या नॉझलसाठी एवढा खटाटोप केला, त्याच्या नवीन जॉबला पुढच्या आठवड्यात एक्स-रेवाल्यांनाच बोलावलंय, दिवसाच्या भाड्याने. मालकांना अजून सांगितलेलं नाही.