दीक्षा ॲप: साहित्य भरपूर, घोडं अडतं केबलपाशी

बालभारतीच्या पुस्तकातले क्यूआर कोड बऱ्याच वर्गांत नुसते शोभेला राहतात. ते ज्यात उघडतात ते 'दीक्षा' ॲप २०१७ पासून आहे, फुकट आहे आणि पस्तीस मिनिटांच्या तासिकेतही वापरता येतं. फक्त तयारी आदल्या रात्री व्हायला हवी.

ॲप पहिल्यांदा उघडलं की मंडळ, माध्यम, इयत्ता विचारतं. सेमी-इंग्रजीवाले इथेच फसतात. माध्यम नुसतं मराठी निवडलं, तर गणित-विज्ञानाचं इंग्रजी साहित्य समोर येत नाही. दोन्हींवर टिक करा. साहित्य बघायला लॉगिन लागत नाही.

स्कॅनर चांगला आहे, पण ट्यूबलाइटखाली गुळगुळीत पान चकाकलं की अडतो. पुस्तक जरा तिरकं धरा, नाहीतर कोडखालची सहा अक्षरं टाइप करा. सापडलेलं साहित्य मात्र आधी स्वतः पाहून घ्या: काही व्हिडिओ फार नेटके, काही म्हणजे पुस्तकच वाचून दाखवलेलं. आवडलेलं घरच्या वायफायवर डाउनलोड करा. यूट्यूबवरून जोडलेले व्हिडिओ ॲपमध्ये डाउनलोड होत नाहीत, त्यांच्या भरवशावर तास ठेवू नका.

पुढची पंचाईत मोबाइल पडद्याला जोडण्याची, आणि तिच्याबद्दल प्रशिक्षणात फारसं कुणी बोलत नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर फोन टीव्हीला जोडणारे टाइप-सी ते एचडीएमआय ॲडॅप्टर ढिगाने मिळतात, पण चार्जिंगचं भोक टाइप-सी आहे म्हणून चित्र बाहेर जाईलच असं नाही. त्यासाठी फोनमध्ये डिस्प्लेपोर्टची सोय लागते, आणि स्वस्तातल्या बहुतेक फोनमध्ये ती नसते. म्हणून फोन सोबत न्या आणि दुकानातच टीव्हीला लावून बघा. फोनमधून चित्र बाहेर जात नसेल तर व्हिडिओ पेनड्राइव्हवर घेऊन जाण्याचा बेत करू नका. दीक्षाचं डाउनलोड दीक्षातच उघडतं. तेव्हा शाळेच्या लॅपटॉपवर दीक्षाची वेबसाइट उघडायची, पण त्याला नेट लागतं.

प्रोजेक्टर जुना, व्हीजीए पिनांचा असेल तर त्या केबलमधून फक्त चित्र जातं. आवाजासाठी वेगळी ऑडिओ वायर आणि स्पीकर हवा. पन्नास मुलांच्या वर्गात मोबाइलचा आवाज तिसऱ्या बाकापलीकडे जात नाही. आणि फोन 'डू नॉट डिस्टर्ब'वर टाका, नाहीतर सोसायटीच्या ग्रुपवरचं पाण्याच्या टँकरचं भांडण अख्खा वर्ग वाचतो.

शिक्षकांचे कोर्सही इथेच आहेत, त्यांना लॉगिन लागतं. कोर्स 'पूर्ण' झाल्याचं दिसत नसेल तर बहुधा एखादा व्हिडिओ शेवटपर्यंत न चालवता पुढे ढकललेला असतो. सुरुवात करण्याआधी प्रोफाइलमधलं नाव तपासा. प्रमाणपत्रावर तेच छापलं जातं. तिथे 'पाटील मॅडम' लिहिलं असेल, तर प्रमाणपत्र पाटील मॅडमच्याच नावाचं निघतं.