वागळे इस्टेटमधलं कलादालन: फेरी ऐकावी, चर्चेला पुढे बसावं

समकालीन चित्रं बघायची तर सीएसएमटीची लोकल धरून काळा घोडा गाठायचा, ही ठाणेकरांची जुनी सवय. वागळे इस्टेटमध्ये कारखान्याच्या जुन्या शेडमध्ये सुरू झालेल्या या कलादालनामुळे तो प्रवास थोडा कमी झाला आहे. त्यांची प्रदर्शनं चांगली असतातच, पण जास्त दखल घ्यावी ती जाहीर कार्यक्रमांची आणि त्यांच्या ध्वनिमुद्रणांची. कार्यक्रम झाला की आठवडाभरात तो फोनवर ऐकता येतो. टिटवाळा-बदलापूरच्या ज्या लोकांना संध्याकाळी साडेसहाला ठाण्यात पोहोचणं जमत नाही, त्यांची मोठीच सोय होते.

सर्वांत सरस कार्यक्रम म्हणजे शनिवारी सकाळची फेरी. चित्रकार किंवा प्रदर्शनाचा संयोजक पंधरा-वीस लोकांना सोबत घेऊन फिरतो आणि चाळीस मिनिटांत फक्त पाच-सहा कलाकृतींपाशी थांबतो. बोलणाऱ्याच्या कॉलरला, हनुवटीखाली साधारण वीतभर अंतरावर माइक असतो. तोंड आणि माइक यांत एवढंच अंतर असलं की आवाज थेट पोहोचतो आणि दालनाचा घुमारा मागे पडतो. त्याहून मोलाची आहे ती इथल्या संयोजकांची शिस्त. कलाकृतीपाशी आल्यावर आधी कलाकाराचं नाव, साल, माध्यम आणि आकार सांगतात, मग डावीकडून उजवीकडे काय काय दिसतं ते. त्यानंतरच अर्थाकडे वळतात. एखादं मांडणशिल्प, म्हणजे जागेत वस्तू मांडून केलेली कलाकृती, असेल तर त्याच्याभोवती फिरायला किती पावलं लागतात तेही सांगतात. घरी डोळे मिटून ऐकणाऱ्यापुढे वस्तू उभी राहते, आणि दृष्टिहीन श्रोत्यालाही वेगळ्या सोयीची वाट बघावी लागत नाही.

संध्याकाळच्या व्याख्यानांत नेमकी हीच शिस्त सुटते. वक्ता पडद्याकडे वळतो, ‘हे बघा, इथे हा रंग कसा आलाय’ म्हणतो, आणि ध्वनिमुद्रण ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. ठाण्यातच राहणाऱ्या चित्रकार सुधीर पटवर्धनांचं १९७७चं ‘इराणी रेस्टॉरंट’ पडद्यावर असेल, तर निदान नाव आणि साल उच्चारावं. ऐकणारा थांबून चित्र शोधून बघू शकतो. यासाठी पैसा लागत नाही, वक्त्याला आधी दोन ओळी लिहून द्याव्या लागतात.

चर्चासत्रांची अडचण मात्र इमारतीतच आहे. दालन अंदाजे १५ मीटर लांब, १० मीटर रुंद आणि ५ मीटर उंच, म्हणजे ७५० घनमीटर. खाली सिमेंटची कोबा फरशी, भिंती गिलाव्याच्या, वर पत्रा. चित्रांसाठी अशा कोऱ्या भिंती उत्तम, शब्दांसाठी वाईट. दालनाचं घनफळ आणि तिथे आवाज किती शोषला जातो यावरून घुमारा काढणाऱ्या सबाइनच्या सूत्राने हिशेब केला तर रिकाम्या दालनात आवाज विरायला साडेपाच सेकंदांच्या आसपास वेळ लागतो. साठ माणसं बसली की तो अडीच सेकंदांवर येतो, कारण माणसांचे कपडे आणि शरीरं आवाज शोषतात. बोलणं स्पष्ट कळायला तो एका सेकंदाच्या आत हवा. हे सूत्रही एका कलासंग्रहालयामुळेच सापडलं. १८९५ साली हार्वर्डच्या नव्या फॉग कलासंग्रहालयातल्या व्याख्यानगृहात कुणाचं बोलणं कळेना, तेव्हा भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सबाइनने आवाज शोषणाऱ्या म्हणून शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून रात्री-रात्री मोजमापं केली. तिथेही घुमारा साडेपाच सेकंदांचाच होता.

इथला उपायही आवाज शोषणाऱ्या मऊ वस्तूंचाच. जाड, चुण्यांचे पडदे १२० चौरस मीटरच्या आसपास, तेही व्याख्यानापुरते सरकत्या दांडीवर. चित्रं झाकावी लागतील, पण व्याख्यानाच्या दीड तासात तशीही त्यांच्याकडे पाठ असते.

त्यात भर म्हणजे चार वक्त्यांचे चारही माइक सतत चालू ठेवतात. चालू माइकांची संख्या दुप्पट झाली की स्पीकरचा आवाज माइकात परत शिरून शिट्टी वाजण्याआधी आवाज वाढवायची मुभा तीन डेसिबलने घटते. म्हणून चार चालू असतील तर सहा डेसिबल जातात, आणि मुद्रणात एकच आवाज चार ठिकाणांहून शिरून पोकळ होतो. बोलणाऱ्याचाच माइक उघडा ठेवायला एक माणूस बसवला तर निम्मी तक्रार मिटेल. प्रश्नोत्तरांत फिरता माइक एकच, आणि तो पोहोचण्याआधीच लोक बोलू लागतात. मुद्रणात प्रश्नाच्या जागी नुसती कुजबुज उरते आणि मग उत्तर अधांतरी लटकतं. निवेदकाने प्रश्न पुन्हा उच्चारावा, एवढं पुरे. जुलै-ऑगस्टमध्ये पत्र्यावर सर कोसळली की मात्र कुठलाच माइक कामाचा नाही. त्या दोन महिन्यांत चर्चा न ठेवता छोट्या खोलीतल्या मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात.

फाइल स्टिरिओ (दोन वाहिन्यांची) आणि ३२० केबीपीएसला, म्हणजे सेकंदाला ३२० किलोबिट या दराने देतात. तासाभराची १४४ एमबी होते. एकाच माणसाच्या बोलण्याला मोनो (एका वाहिनीचं) ६४ केबीपीएस पुरतं, तेव्हा तीच २९ एमबीत बसते आणि लोकलमध्ये बसूनही फोनवर सहज डाउनलोड होते. मिनिटांची नोंद दिली तर आणखी बरं, सध्या हवा तो भाग अंदाजाने शोधावा लागतो.

भिंतीवरच्या क्यूआर कोडने दोन-दोन मिनिटांचे तुकडे ऐकता येतात. १९५२ साली ॲमस्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयात रेडिओवर श्राव्य मार्गदर्शन सुरू झालं, तेव्हा सगळ्यांना एकाच वेळी एकच वाक्य ऐकत पुढे सरकावं लागे. आता प्रत्येकाचा वेग त्याचा. इअरफोन घरूनच न्यावे, तिथे मिळत नाहीत.

भाषेबाबत मनापासून दाद द्यायला हवी. निम्म्याहून अधिक कार्यक्रम मराठीत होतात आणि ‘मुद्राचित्रण’, ‘मांडणशिल्प’, ‘पोत’ हे शब्द ओशाळून न वापरता, पहिल्यांदा आले की अर्ध्या वाक्यात समजावून वापरले जातात. असं नीट मराठीत समकालीन कलेबद्दल ऐकायला क्वचितच मिळतं.

प्रत्यक्ष जाणार असाल तर फेरीचं नाव चार दिवस आधी नोंदवा, जागा वीसच असतात. संध्याकाळच्या चर्चेला पहिल्या रांगेत, स्पीकरच्या समोर बसा. अशा घुमणाऱ्या दालनात स्पीकरपासून दोन-अडीच मीटरपर्यंतच थेट आवाज घुमाऱ्यावर मात करतो. तिसऱ्या रांगेपासून शब्दांची शेवटची अक्षरं गळू लागतात.