दंत महाविद्यालयाची ओपीडी : खुर्चीत बसण्याआधी माणसं ओळखून घ्या

खासगी दवाखान्याच्या पाटीवर एक-दोन नावं असतात आणि तेवढ्यावर भागतं. दंत महाविद्यालयाच्या रुग्णालयात तसं नाही. मुंबईत सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारातलं शासकीय महाविद्यालय घ्या, नाहीतर मुंबई सेंट्रलचं महापालिकेचं नायर. एकाच दाढेच्या उपचारात चार-पाच जणांचे हात लागतात. हे ठाऊक नसलेला पेशंट ‘शिकाऊ मुलं प्रयोग करणार’ या धास्तीनं केसपेपर काढूनही परत फिरतो. या रुग्णालयांची सेवा चांगली आहे, खर्च खासगीच्या मानानं फारच कमी आहे. पण तिथं कोण काय करतं हे आधी समजून गेलात तरच ती नीट पदरात पडते.

समोर येणाऱ्या माणसांपासून सुरुवात करू. बीडीएस, म्हणजे दातांच्या डॉक्टरची पहिली पदवी, चार वर्षांची, त्यावर एक वर्ष इंटर्नशिप. पेशंटवर प्रत्यक्ष काम तिसऱ्या वर्षापासून सुरू होतं. त्याआधीची दोन वर्षं मुलं मेणाचे दात कोरण्यात आणि नकली जबड्यावर हात बसवण्यात घालवतात. तिसऱ्या-चौथ्या वर्षाची मुलं स्केलिंग (दातांवरचं कीटण काढणं), साधं फिलिंग, हलणारा दात काढणं, कवळी अशी कामं करतात. इंटर्नचा हात बराच सरावलेला असतो. त्यानंतर पीजी, म्हणजे बीडीएस पूर्ण करून तीन वर्षांचं एमडीएस करणारे डॉक्टर. आणि या सगळ्यांच्या वर शिकवणारे सर-मॅडम, ज्यांना तिथली मुलं ‘स्टाफ’ म्हणतात. स्टाफची सही झाल्याशिवाय विद्यार्थ्याला पुढची पायरी घेता येत नाही. आपला खरा आधार ती सही आहे, म्हणून तपासायला कोण येणार आहे ते निःसंकोच विचारा.

पहिल्या दिवशी केसपेपर घेऊन आधी ओरल मेडिसिन विभागात जायचं. तिथं तपासणी, एक्स-रे आणि कागदावर पुढच्या विभागाचं नाव. दात काढणं आणि अक्कलदाढ ओरल सर्जरीकडे, हिरड्या पेरिओकडे, रूट कॅनल (दाताच्या मुळातली नळी साफ करून भरणं) कॉन्झर्वेटिव्हकडे, कॅप आणि कवळी प्रोस्थोकडे, तारा ऑर्थोकडे, लहान मुलं पेडोकडे. नवे केसपेपर सकाळीच निघतात, उशिरा गेलात तर दिवस वाया. ठणका असेल तर ते खिडकीवरच सांगा. त्या दिवशी निदान वेदना थांबवण्याचं काम होतं, बाकीच्यासाठी तारीख मिळते.

सगळ्यात जास्त गैरसमज रूट कॅनलबद्दल आहेत. बीडीएसच्या मुलांकडे सहसा समोरचे, एका नळीचे दात येतात. दाढेला तीन-चार नळ्या, त्याही वाकड्या, म्हणून ती पीजीकडे जाते. दात उघडणं, नळीच्या लांबीचा एक्स-रे, नळी साफ करणं, भरण्याआधीचा एक्स-रे, मग भरणं. प्रत्येक ठिकाणी स्टाफ बघणार, म्हणून खासगीत दोन बैठकांत होणारं काम इथं चार-पाचवर जातं. हा उशीर मला खटकत नाही, कारण लांबी चुकली तर पुढचं सगळंच चुकतं. खटकतं ते मधलं तुटणं. विद्यार्थ्यांची पोस्टिंग, म्हणजे एखाद्या विभागातली नेमणूक, दर काही आठवड्यांनी बदलते, नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाच्या परीक्षा उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात येतात, आणि अर्धवट दात तात्पुरत्या सिमेंटवर राहतो. ते सिमेंट काही आठवड्यांत झिजतं, लाळ आत शिरते, साफ केलेली नळी पुन्हा खराब होते. तेव्हा पहिल्याच बैठकीला विचारा: तुमची पोस्टिंग कधीपर्यंत? तुम्ही नसाल तर काम कोणाकडे? विद्यार्थ्याचं आणि स्टाफचं नाव केसपेपरवर लिहून घ्या आणि त्या कागदाचा फोटो काढून ठेवा.

दाढ भरून झाली की लोक सुटल्यासारखे घरी जातात. कॅप मात्र अनेकदा प्रोस्थो विभागात बसते आणि तिथली रांग वेगळी. रूट कॅनल झालेली दाढ कॅपविना चावताना उभी चिरू शकते, मग बहुधा ती काढण्यावाचून इलाज उरत नाही. रूट कॅनल चालू असतानाच त्या रांगेत नाव घाला.

पूर्ण कवळीला साधारण पाच खेपा: पहिलं माप, पक्कं माप, दोन जबड्यांमधलं अंतर, मेणात लावलेल्या दातांची चाचणी, शेवटी कवळी हातात. चौथ्या खेपेला घरचं माणूस बरोबर न्या. दातांचा रंग आणि ओठाचा भराव तेव्हाच बदलता येतो, प्लास्टिकमध्ये पक्कं झाल्यावर नाही. कवळी मिळाल्यावर टोचेल तिथं घासून घ्यायला एक-दोनदा जावंच लागतं. घरी कानशीनं घासू नका, पकड जाते.

ओळख दोन्ही बाजूंनी व्हायला हवी, आणि तिथं पेशंटच कमी पडतात. रक्त पातळ करणारी गोळी, उदाहरणार्थ एकोस्प्रिन किंवा क्लोपिडोग्रेल, चालू असेल तर सांगा, पण स्वतःच्या मनानं बंद करू नका. हाडं ठिसूळ झाल्याबद्दल गोळ्या किंवा इंजेक्शन चालू असेल तर दात काढण्याआधी ते कळायलाच हवं, कारण जबड्याची जखम भरायला त्रास होऊ शकतो. हृदयात कृत्रिम झडप, गरोदरपण, औषधाची अ‍ॅलर्जी, आधी भुलीच्या इंजेक्शननं आलेली चक्कर, हेही. मधुमेह असेल तर नेहमीप्रमाणे खाऊन आणि गोळी घेऊन या. उपाशीपोटी आलेला पेशंट खुर्चीतच गळपटतो. जुनी प्रिस्क्रिप्शनं पिशवीत टाका, औषधांची नावं तोंडपाठ कोणाचीच नसतात.

विद्यार्थ्याकडून काम नको असेल तर तसं सांगता येतं. पीजी किंवा स्टाफकडे मात्र तारीख लांबची मिळते. पंधरा दिवसांत परगावी जायचं असेल, तर इथं रूट कॅनल सुरूच करू नका. स्केलिंग, दात काढणं किंवा अक्कलदाढेसाठी मात्र खुशाल जा. ओरल सर्जरीत अवघड दाढांचा जो रोजचा सराव असतो, तो एकट्या दवाखान्यात क्वचितच मिळेल.